फजितीचा तास

काशीदच्या त्या रिसॉर्टमध्ये सकाळपासून तळणाचा वास पसरला होता. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण त्याचा वास त्या तेलाखाली कुठेतरी दबून गेलेला. हॉलच्या दाराशी उभी राहून नेत्रा गळ्यातल्या निळ्या पट्टीला लटकणारं आपलं नाव उलटं करून ठेवत होती. वारा ते पुन्हा सुलटं करत होता.

आत खुर्च्या भरत चालल्या होत्या. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टीशर्ट, छातीवर प्रायोजक कंपनीचं चिन्ह. काल संध्याकाळी आलेली मंडळी किनाऱ्यावर उंटावर बसून फोटो काढून आली होती आणि आता ते एकमेकांना दाखवत होती. वाळूत प्रायोजकाच्याच नावाच्या पाण्याच्या बाटल्या पडल्या होत्या. त्या उचलायला कुणी गेलं नव्हतं.

नेत्रा पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातली. घरचं मिठागर आजोबांच्या हयातीतच मोडलं, वडील धर्मा ट्रकवर लागले आणि पोरगी शिकून अलिबागच्या एका छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळायला लागली. हॉस्पिटलं, पतपेढ्या, शाळा, सगळ्यांची मशीनं ही कंपनी बघायची. नोकरीच्या पहिल्या महिन्यात आई मैनानं चुलीशी बसून विचारलं होतं, "गो, तुजं काम हाय तरी काय?"

"एक मोठं मशीन असतं आये. त्याच्या पोटात आम्ही दहा-वीस मशीनं बसवतो. खरी नसतात ती, पण प्रत्येकाला वाटतं आपण एकटंच आहोत, सगळं आपलंच आहे."

"म्हंजे चाळ. भिंती पातल, पन जो तो आपल्या खोलीत राजा."

"व्हय, तसंच."

"नि नळ?"

"नळ एकच."

"मंग भांडनं व्हनारच गो," असं म्हणून मैनाबाईंनी भाकरी उलटली होती. कॉलेजात इतक्या थोडक्यात हे कुणी समजावलं नव्हतं, असं नेत्रा पुढे कित्येकांना हसत सांगायची.

हे काम करणाऱ्या माणसांचा एक समूह होता. पनवेल, अलिबाग, रोहा, थोडे पुण्या-मुंबईचे. अडल्यानडल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना विचारायचं आणि अधूनमधून शनिवारी एकत्र जमायचं. त्यांची एक रीत होती. जेवणाआधीचा शेवटचा तास फजितीचा. कुणीतरी उठायचं आणि आपल्या हातून काय बिघडलं ते सांगायचं. नियम दोनच. जो चुकला त्यानंच सांगायचं, आणि दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही.

नेत्रा पहिल्यांदा आली तेव्हा खोपोलीचे एक पिकल्या केसांचे गृहस्थ उभे राहिले होते. एका पतपेढीची सगळी मशीनं आपण भर बाजाराच्या दिवशी स्वतःच्या हातानं कशी बंद केली, ते त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज दोनदा बसला. कुणी हसलं नाही. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मागच्या रांगेतल्या नेत्राला वाटलं, इथे माणसाला मोठ्यानं चुकता येतं. अशी जागा तिनं घरी पाहिली नव्हती, कॉलेजात तर नाहीच. त्या टाळ्यांसाठी ती या कामात टिकली म्हटलं तरी चालेल.

पण पुढे त्या तासाला काय झालं कुणास ठाऊक. फजिती इस्त्री करून यायला लागली. तिच्यात विनोद पेरलेले असत, हशासाठी थांबे असत, आणि शेवटी सांगणारा किती हुशार होता हेच कळत असे. कुणीतरी चित्रीकरण करायचं, संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे फिरायचं, खाली हात जोडल्याची चित्रं. दर वेळी नेत्राला घास न गिळता तोंडात धरून ठेवल्यासारखं वाटायचं.

या वेळच्या फजितीपुढे तिचं नाव छापलं होतं.

झालं होतं ते असं. माणगावच्या एका हॉस्पिटलमधली मशीनं नेत्राच्या कंपनीकडे सांभाळायला होती. गणपतीच्या आधी तिचे वरिष्ठ सुश्रुत सर यांनी प्रयोगशाळेच्या मशीनवर नवं सॉफ्टवेअर चढवलं. चढवण्यापूर्वी त्यांनी मशीनचा स्नॅपशॉट घेतला. या कामात तो सगळेच घेतात. स्नॅपशॉट म्हणजे त्या घटकेचा फोटो. काही बिघडलं तर मागे जाऊन पुन्हा त्या घटकेला उभं राहता येतं. पण फोटो काढल्यापासून पुढचं सगळं लिखाण वेगळ्या जागी साठत जातं. म्हणून काम झालं, की ते मूळ मशीनमध्ये मिसळून फोटो मिटवायचा असतो. सर ते विसरले. साठण वाढत गेलं, सगळ्या मशीनांची सामाईक डिस्क तुडुंब भरली आणि होळीनंतरच्या सोमवारी हॉस्पिटलमधली सगळी मशीनं एकदम ठप्प झाली. नळ एकच ना.

सर अलिबागहूनच ती मशीनं हाताळत होते. घाईत त्यांनी फोटो मिसळला नाही, ते मागे गेले. मशीन झटक्यात सुरू झालं. फक्त ते गणपतीच्या आधलं मशीन होतं. मधल्या काळात ज्यांनी ज्यांनी तपासणीला रक्त दिलं, ती माणसं त्यात नव्हती. रात्रीचा बॅकअप असायचा, पण त्या विसरलेल्या फोटोपायी तोही कधीपासून अडकून पडला होता.

नेत्रा त्या दिवशी गावी होती, आत्याच्या मुलीच्या हळदीला. परतल्यावर तिला माणगावला धाडलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख रचनाताईंच्या शेजारी बसून, जेवढ्या चिठ्ठ्या सापडल्या तेवढ्या नोंदी तिनं पुन्हा भरल्या. तिथेच तिला सोनूबाई दिसल्या. मूत्रपिंडाच्या दुखण्यानं दर महिन्याला रक्त द्यायला येणाऱ्या. आधीचे आकडे असल्याशिवाय दुखणं वाढतंय की थांबलंय हे डॉक्टरांना सांगता येईना. कागद सोनूबाईंनी कधी नेलेच नव्हते. "कंप्युटरात हाय, तुमाला कशाला, असं खिडकीवरच सांगलं व्हतं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुई टोचून घ्यायला त्यांनी हात पुढे केला. हातावर मागच्या सुयांचे काळे डाग होते. नोंद तेवढीच उरली होती.

गुरुवारी ऑफिसात सुश्रुत सरांनी नेत्रासाठी स्वतः चहा आणला तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"शनिवारी फजितीचा तास तू घे."

"कशावर?"

"माणगाववर."

"पण सर, फोटो तुम्ही काढला होता. मागेही तुम्हीच गेलात. मी तर इथे नव्हते."

"अगं, कोण कुठे होतं हे विचारतंय कोण? टीमची चूक. तू सांगितलीस तर लोक म्हणतील, पोरगी प्रामाणिक आहे. मी सांगितली तर..." वाक्य तसंच सोडून त्यांनी लॅपटॉपच्या झाकणावरचा एक स्टिकर नखानं दाबून बसवला. समूहाचा यंदाचा मार्गदर्शक शनिवारी संध्याकाळी जाहीर होणार होता. कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. "आणि तुमच्याकडची माणसं कशी मोकळी असतात. मनात आलं की बोलून टाकतात. आम्ही चौलचे नारळी-सुपारीच्या वाडीवाले म्हणजे घुमे."

'तुमच्याकडची' हा शब्द त्यांनी इतकी साखर घालून वाढला, की तिनं चहा बाजूला सारला. ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. सरांनी त्याचा हो केला.

आता शेवटच्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन, साध्या सुती साडीत रचनाताई बसल्या होत्या. सरांनीच त्यांना बोलावलं होतं. आम्ही काही लपवत नाही हे तुम्हाला दिसेल, म्हणाले होते. हॉस्पिटलनंही त्यांना बजावून पाठवलं होतं, हे ज्यानं केलं त्याचं नाव आणा, त्याचा हात पुन्हा आपल्या मशीनला लागता कामा नये. आणि या धंद्यात एका ठिकाणी दार लागलं, की पनवेलपर्यंतची सगळी दारं लागतात. नेत्रा हे ओळखून होती.

रचनाताईंनी तिला खुणेनं जवळ बोलावलं. "कार्यक्रमपत्रिकेवर तुझं नाव आहे गं. म्हणजे ती तू होतीस? माझ्या शेजारी बसून नोंदी भरत होतीस तेव्हा बोलली नाहीस."

"ताई, जरा थांबा."

"मला थांबायला काय होतंय? सोनूबाईंना सांग थांबायला."

सूत्रसंचालन करणाऱ्या प्राप्तीनं नाव पुकारलं. टाळ्या. नेत्रा वर गेली. माइकला आधीच्या वक्त्याच्या तोंडचा पुदिन्याचा वास येत होता. पहिल्या रांगेत सर मान हलवत बसले होते, पोराच्या गॅदरिंगला बाप बसतो तसे.

"हा तास माझा नाही," नेत्रा म्हणाली. "ज्याचा आहे त्यानं घ्यावा." माइक टेबलावर ठेवून ती खाली आली आणि रचनाताईंच्या शेजारी बसली.

कुजबुज वाढायच्या आत सुश्रुत सर मंचावर पोचले होते.

"नेत्रा घाबरली," ते हळुवार हसून म्हणाले. "साहजिक आहे. नवी मुलं घाबरतात. माणगावला जे झालं ते कुणाच्या हातून झालं, हे मी कधीच सांगणार नाही, आपला नियमच आहे. टीम माझी आहे. त्यामुळे चूक कुणाचीही असो, जबाबदारी माझी." त्यांनी छातीवर हात ठेवला, बरोबर कंपनीच्या चिन्हावर.

हॉल टाळ्यांनी दणाणला. पुढच्या दोघा-तिघांनी मागे वळून नेत्राकडे पाहिलं, कीव आल्यासारखं. एकानं तर अंगठा उंचावून तिला धीर दिला. नियम न मोडता, नाव न घेता, माणसानं तिला पुरतं माखून ठेवलं होतं, आणि वर स्वतः न्हाऊन निघाला होता.

"प्रश्न?" प्राप्तीनं विचारलं.

सुश्रुत सरांची एक खोड सगळ्या समूहाला माहीत होती. कामातला प्रश्न कुणी विचारला आणि त्यांनी उत्तर दिलं नाही, असं कधी घडलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत विचारा, जिलबी हातात तशीच राहायची. आणि कुणी त्यांना अडाणी ठरवलं, की मग त्यांना आवरणं कठीण.

नेत्रा उठली. "सर, त्या दिवशी मागे का जावं लागलं? फोटो मिसळला असता तर एकही नोंद गेली नसती. हे तर नवशिक्यालाही कळतं."

"नवशिक्याला कळतं?" सर उसळले. "अर्धवट माहितीवर बोलू नये. मिसळायलासुद्धा डिस्कवर जागा लागते. तिथे बोटभर जागा नव्हती. मी बघितलं ना! दोन मशीनं दुसऱ्या डिस्कवर हलवून पाहिली, हलेनात. हॉस्पिटलचे फोनवर फोन. म्हटलं, रात्रीचा बॅकअप आहेच, आधी मशीन उभं करू. म्हणून मी मागे गेलो. माझ्या जागी कुणीही..."

ते थांबले.

स्वयंपाकघरात कुणीतरी कढईवर झारा आपटत होतं, ते हॉलभर ऐकू येत होतं. रचनाताईंनी पर्सची चेन ओढून बंद केली.

आता काहीतरी होईल असं नेत्राला वाटलं. कुणीतरी उठेल. निदान एखादी खुर्ची सरकेल.

"वा!" प्राप्ती माइकमध्ये म्हणाली. "किती मोठं मन लागतं हे असं सगळ्यांसमोर सांगायला! एकदा जोरदार..."

टाळ्या वाजल्या. मघापेक्षा जोरात. काही जण उभे राहिले. सर क्षणभर बावरले, मग हळूहळू त्यांची मान खाली झुकली, हात जोडले गेले, आणि कुणाच्या तरी फोनकडे पाहून ते किंचित हसले.

जेवणाच्या रांगेत एक पुण्याचा मुलगा नेत्राला म्हणाला, "सॉलिड जमलं तुमचं दोघांचं. आधी ठरवून केलंत ना?" त्याच्या ताटात कोलंबीचा ढीग होता. अर्धी खाऊन त्यानं ते ताट पिंपात लोटलं आणि दुसरं घेतलं. खोपोलीचे गृहस्थ कोपऱ्यात एकटेच ताक पीत होते. त्यांनी नेत्राकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. त्यांनीही टाळ्या वाजवल्या होत्या, हे तिनं पाहिलं होतं.

तिनं गळ्यातली पट्टी काढली. टाकायला पिंपाशी गेली, तर आत ताटं, टरफलं, काट्यांचा लगदा. आपलं नाव त्यात टाकवेना. तिनं ते पट्टीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवलं.

फाटकाबाहेर हॉस्पिटलची जीप उभी होती. रचनाताईंनी दार उघडून धरलं. "येतेस माणगावला?"

"मला तिथे येऊ देतील?"

"का नाही देणार? नाव घेऊन चाललेय मी. तुझं नाही ते."

रोह्याच्या दिशेनं चढ लागला तशी झाडी दाट झाली. नेत्रानं काच पूर्ण खाली केली, तरी केसांतला तळणाचा वास जाईना.

"एक सांग," रचनाताई म्हणाल्या, "त्यांनी टाळ्या कशाला वाजवल्या गं?"

नेत्रानं काच पुन्हा थोडी वर घेतली. एके काळी त्याच टाळ्यांनी आपले डोळे भरून आले होते, हे तिनं सांगितलं नाही.

"मंगळवारी सोनूबाई येतील," रचनाताईच पुढे म्हणाल्या.

"त्यांचा कागद आधी त्यांच्या हातात देऊ," नेत्रा म्हणाली. "मग मशीनमध्ये."