अतिरिक्त बाई आणि वेल्डिंगचं मशीन

आमच्या शाळेतली नववीची एक तुकडी बंद झाली आणि मी अतिरिक्त ठरले. अतिरिक्त हा सरकारी शब्द. नोकरी असते, पगार असतो, पण शिकवायला वर्ग नसतो. दुसऱ्या शाळेचा आदेश येईपर्यंत रोज सकाळी जायचं, मस्टरवर सही करायची आणि बारापर्यंत शिक्षकखोलीत बसायचं. सव्वीस वर्षं मराठी शिकवण्यात गेली होती आणि बसून राहणं मला कधी जमलंच नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी ग्रंथालयाची कपाटं लावली, दुसऱ्यात नकाशांच्या गुंडाळ्या झाडल्या. तिसऱ्या आठवड्यात शिपाईमावशी हातातला झाडू काढून घेत म्हणाली, बाई, आता तुम्ही जरा टेकाच.

टेकणं होत नव्हतं. दुपारी घरी आले की भांडी पुन्हा घासायची, संध्याकाळी रंकाळ्याला दोन फेऱ्या मारायच्या आणि घरी येऊन पुन्हा चपला शोधायच्या. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेलेली. नवऱ्याचं स्टेशनरीचं दुकान, तो सकाळी साडेनऊला जायचा तो रात्रीच यायचा. जेवताना मी चार वेळा उठायचे. तो म्हणायचा, तुला काय चावतंय का?

त्यातच आमच्या गेटची वरची बिजागरी तुटली. नवऱ्याने गेट तारेने बांधून ठेवलं. दोन फॅब्रिकेशनवाल्यांना सांगितलं, दोघेही उद्या येतो म्हणाले. एवढ्याशा कामाला कोणी येत नाही हे पंधरा दिवसांनी कळलं. मग एका दुपारी मी स्वतःच लहान कारखान्यांच्या उद्यमनगरात गेले. पहिल्याच शेडमध्ये दोघेजण खिडकीची जाळी जोडत होते. त्यांना विचारायचं सोडून मी बघतच उभी राहिले. दोन लोखंडं पाण्यासारखी होऊन एकमेकांत मिसळत होती.

"पावणं, नागड्या डोळ्यांनी बघू नगा," दारातल्या स्टुलावरून एक म्हातारा म्हणाला. "रातच्याला डोळं धरून बसाल."

ते शेडच्या मालकाचे मामा होते. आयुष्यभर साखर कारखान्यात बॉयलरच्या नळ्या जोडलेला माणूस. निवृत्त झाल्यावर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून घरच्यांनी मशीनला हात लावू दिला नव्हता. भाच्याच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चुका काढणं एवढंच काम उरलं होतं. मी बिजागरीचं सांगितलं आणि कसं कोण जाणे, पुढचं वाक्य तोंडातून निघून गेलं. मी म्हटलं, मला हे शिकवाल का?

ते हसले नाहीत. काय करता, कुठे राहता, घरात वीज सिंगल फेज आहे की थ्री फेज, एवढंच विचारलं. वीज सिंगल फेज आहे की काय आहे, हे मला माहीत नव्हतं. म्हणाले, आधी ते बघून या.

घरची वीज सिंगल फेजच निघाली. पण मामांकडे परत जायच्या आधीच मी वेल्डिंग मशीनच्या दुकानात गेले. धीर कुठला? काउंटरवरच्या माणसाने माझ्या मागे पाहिलं, कोणी पुरुष येतोय का म्हणून. मग त्याने एकामागून एक मशीनं दाखवली. एक जुन्या पद्धतीचं, तांब्याच्या वेटोळ्यांचं, दोघांना उचलणार नाही असं. एक गॅसच्या सिलेंडरवर चालणारं, ज्यात तार आपोआप पुढे सरकते. ते नवशिक्याला सोपं, असं त्याने चारदा सांगितलं. एक डब्याएवढं लहान, त्यावर मोठ्या अक्षरांत चारशे अँपिअर लिहिलेलं. मी काही न घेता बाहेर पडले. पुस्तकांच्या दुकानात गेलेल्या अडाणी माणसाला काय वाटत असेल ते मला पन्नाशीत कळलं.

दुसऱ्या दिवशी मामा बरोबर आले. त्यांनी मशीनकडे बघितलंच नाही. आधी केबल हातात घेऊन दाबली, वितळून सांधा भरणारा रॉड धरायचा चिमटा उघडून त्याची स्प्रिंग बघितली. डब्यावर चारशेचा आकडा होता, पण केबल बोटापेक्षा बारीक होती. ती बाजूला सारून ते म्हणाले, आकड्याला भुलायचं नाही, आकडा कोणीही छापतो. सिलेंडरचं मशीन चांगलंच, पण गेट उघड्यावर असतं, वाऱ्याने गॅस उडून जातो. मग त्यांनी दोनशे अँपिअरचं एक इन्व्हर्टर मशीन काढायला लावलं, जे मी एका हाताने उचलू शकत होते. जाड केबल, चांगला चिमटा. दुकानातच ते लावून बघितल्याशिवाय त्यांनी मला पैशांची पिशवी उघडू दिली नाही.

डोळ्यांपुढची काच मात्र मी स्वस्तातली घेत होते, काळ्या चष्म्यासारखी. त्यांनी ती परत काउंटरवर ठेवली.

"बाई, मशीन उसनं आणलं तरी चालतंय. काच सवताची आणि चांगली पायजे."

म्हणून मग अख्खं तोंड झाकणारं हेल्मेट घेतलं, ठिणगी पडताच ज्याची काच आपोआप काळी होते असं. कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे. नायलॉनची साडी नेसून यायचं नाही, अंगाला चिकटून पेटते, असंही त्यांनी दुकानातच सगळ्यांसमोर सांगितलं. मी नवऱ्याचे जुने सुती शर्ट काढले. मीटरपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा स्विच इलेक्ट्रिशियनने बसवून दिला. नवरा हे सगळं बघत होता. एवढंच म्हणाला, लोक निवृत्तीनंतर भजनाला जातात गं.

मामा आठवड्यातून तीन दुपारी यायचे. पहिले पंधरा दिवस रॉड लोखंडाला चिकटायचाच. काडेपेटीची काडी ओढल्यासारखा ओढायचा आणि लगेच तांदळाच्या दाण्याएवढा उचलायचा, हे सांगायला सोपं. मी जोरात टेकवायचे, तो चिकटायचा, मी हिसकायचे. मग जमायला लागलं तर नुसत्या रेघा. एका सपाट पट्टीवर रेघ ओढायची, वरची काळी खपली हातोडीने उडवायची, ब्रशने घासायची, तिच्या शेजारी दुसरी रेघ. जोडायचं काहीच नाही. पावसाळी हवेने रॉड दमट व्हायचे, म्हणून आधी ते तव्यावर शेकायचे. गंज असेल तिथे आधी घासायचं. मी घासायचं टाळायचे आणि मामांच्या ते लगेच लक्षात यायचं.

माझ्या रेघा सुरुवातीला जाड आणि शेवटी दोऱ्यासारख्या बारीक यायच्या. मामांनी एक पट्टी उचलून डोळ्यांजवळ धरली.

"हात पळतोय," ते म्हणाले. "बाई, तुमी कुटं जायाला निगालाय?"

मी हेल्मेट पुन्हा खाली ओढलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते धुराने आलेलं नव्हतं. शाळेच्या दारात बदलीचा आदेश घेऊन कोणी येईल म्हणून मी रोज रस्त्याकडे बघत होते. आदेश आला की कुठे जावं लागेल या भीतीने तो येऊ नये असंही वाटत होतं.

श्रावणात मामा आठवडाभर हातकणंगल्याजवळच्या आपल्या गावी गेले. जाताना सांगून गेले, गेटला हात लावायचा नाही, अजून तुमचं वितळलेलं लोखंड जोडाच्या आत शिरत नाही. तिसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, नवरा बाजारात गेलेला असताना मी गेटखाली विटा लावल्या, नवीन बिजागरी धरली आणि काम सुरू केलं. एका हाताने बिजागरी धरायची, दुसऱ्या हाताने रॉड. हेल्मेट सारखं आड येत होतं. पहिले तीन-चार टाके मी ते वर करून, डोळे अर्धवट मिटून मारले. एवढ्याने काय होतंय, असं वाटलं. दहापर्यंत बिजागरी बसली. खपली उडवून वर काळा रंगही मारला. नवरा आल्यावर गेट उघडून-मिटून दाखवलं. तो म्हणाला, अगं, खरंच की.

संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. आठच्या सुमाराला उघडे राहीनात, मिटले तरी आग. डॉक्टरांनी थेंब दिले आणि दोन दिवस अंधारात झोपायला सांगितलं. एरवी सकाळी गेट मी उघडते. त्या सोमवारी नवऱ्याने उघडलं, स्कूटर काढायला. मी आतल्या खोलीत डोळ्यांवर ओला पंचा घेऊन पडले होते. मोठा आवाज झाला आणि मग नवऱ्याचा, मी कधी न ऐकलेला आवाज. धावत गेले तर मला नीट दिसतही नव्हतं. शेजाऱ्यांनी गेट उचललं. ते त्याच्या उजव्या पावलावर पडलं होतं. दोन हाडं मोडली होती.

सहा आठवड्यांचं प्लास्टर. तो मला त्याबद्दल एक शब्दही बोलला नाही. तो रागावेल म्हणून मी रोज वाट बघितली. मशीन गोणपाटात बांधून जिन्याखाली ढकललं. मामा गावाहून आले, गेटकडे बघून सगळं समजले. त्यांनी माझ्या बिजागरीची अजून न सुटलेली बाजू करवतीने मधोमध कापायला लावली आणि कापलेली बाजू माझ्या समोर धरली. वर उंच ढीग होता, खाली दोन लोखंडांच्या मधे केसाएवढी सरळ फट. आत काळी खपली अडकलेली.

"वरनं शेण थापल्यागत हाय. आत कायबी धरल्यालं न्हाय."

मी म्हटलं, मामा, आता हे बंद. तेव्हा व्हरांड्यात पाय खुर्चीवर टाकून बसलेला नवरा त्याबद्दल पहिल्यांदा बोलला.

"बंद कशाला? शिकायचंच असलं तर नीट शिक की."

प्लास्टर निघेपर्यंत तो तिथेच बसून होता आणि मी त्याच्यासमोर रेघा ओढत होते. दुकान शेजाऱ्याचा भाऊ बघत होता. सहा आठवडे बसून तोही सैरभैर झाला, वर्तमानपत्र तीनदा वाचायचा, मला म्हणायचा, तुझं कसं होत असेल ते आता कळतंय. मामांनी रेघांनंतर दोन पट्ट्या जोडायला दिल्या. जोडल्या की शिकंज्यात धरून घणाने वाकवायचे. पहिल्या पाच-सहा तडकल्या. सातवी वाकली, तुटली नाही. मामांनी ती उलटी करून बघितली आणि चहा मागितला.

प्लास्टर निघाल्यावर गेट बसवलं. या वेळी हेल्मेट एकदाही वर केलं नाही. बिजागरी शिकंज्याने धरली, दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासल्या, करंट सत्तर अँपिअरवर ठेवला. नवरा कुबडी भिंतीला टेकवून गेटचं दुसरं टोक धरून उभा राहिला. मी नको म्हटलं तर म्हणाला, पडलं तर आता दुसऱ्या पायावर पडू दे. गेट पडलं नाही.

दिवाळीनंतर आदेश आला. शाळा मलकापूरची. रत्नागिरीची गाडी पकडायची, सकाळी सव्वा तास, संध्याकाळी सव्वा तास. मामांना सांगायला गेले तेव्हा ते स्टुलावरून उठले नाहीत. तिकडं पाऊस लई, रॉड डब्यात ठेवा, इतकंच म्हणाले.

नव्या शाळेत आठवीचा वर्ग मिळाला. पहिल्या तासाला मी कविता वाचत होते आणि मागच्या रांगेतला एक बाक दर कडव्याला करकरत होता. त्याच्या उजव्या लोखंडी पायाचा सांधा तडकला होता. माझं लक्षच लागेना. मी जोडू का, असं मुख्याध्यापकांना विचारलं, ते बावचळले, मग म्हणाले, तुमच्या जबाबदारीवर करा. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर नवरा एस.टी.तून मशीन घेऊन आला. सगळ्या वर्गांतले असे बाक व्हरांड्यात काढले, ते नऊ निघाले. चार वाजेपर्यंत पाच झाले. एका बाकाच्या पातळ पायाला मी चुकून भोक पाडलं, ते पट्टी लावून बुजवावं लागलं.

सोमवारी मुलं येऊन बसली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. दोघींनी तर दप्तर आपटूनच बाकावर टाकलं. मी फळ्याकडे वळायचे आणि पुन्हा वळून त्या पायांकडे बघायचे, तास संपेपर्यंत. राहिलेल्या चार बाकांना रॉड पुरतील का, हे डोक्यात चालूच होतं.