दगुबाईंनी मारलेली हाक

आधीच सांगते – भूत, आत्मा, टेलिपथी, संकेत... यातल्या कशावरच माझा विश्वास नव्हता. या धाग्यावरचे अनुभव मी वर्षभर गुपचूप वाचतेय, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा मनात "आधी बीपी तपासून घ्या" एवढंच आलंय. तेव्हा आज मीच लिहायला बसले आहे याचं मलाच हसू येतंय.

मी बीएएमएस डॉक्टर. जळगावला राहते. गेली काही वर्षं प्रॅक्टिसपेक्षा केस स्टडी लिहिण्याचं काम जास्त करते. म्हणजे रुग्णाला काय झालं होतं, काय उपचार दिले, कोणत्या दिवशी काय बदललं – आणि काहीच बदललं नसेल तर तेही – हे जसंच्या तसं नोंदवायचं. "मला असं वाटलं" हे वाक्य आमच्या फॉर्ममध्ये चालत नाही. दिसलं ते लिहा, ऐकू आलं ते लिहा.

खालची माणसांची नावं बदलली आहेत. एक सोडून. ते एक बदललं तर सांगण्यासारखं काही उरतच नाही. ज्यांचं आहे त्यांची परवानगी घेतली आहे.

दोन वर्षांपूर्वी धुळ्याच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये तीन महिन्यांसाठी एक कोरियन डॉक्टर आल्या होत्या. आपण त्यांना युन मॅडम म्हणू. वय पन्नाशीच्या पुढे, बारीक अंगकाठी, केस अगदी कानापर्यंत कापलेले. आपल्याकडे जसं आयुर्वेदाचं वेगळं शिक्षण असतं तसं कोरियात त्यांच्या पारंपरिक वैद्यकाचं असतं – त्या त्यातल्या. पक्षाघातानंतर ज्यांची वाचा गेली आहे अशा रुग्णांना नेहमीची औषधं, फिजिओथेरपी, स्पीच थेरपी हे सगळं चालू ठेवून वरून कोरियन पद्धतीच्या सुया दिल्या तर काही फरक पडतो का, हे त्यांना पाहायचं होतं. रुग्ण मोजकेच, पाच. प्रत्येकाची सविस्तर केस स्टडी करायची. नोंदी ठेवायला आणि इंग्रजी-मराठी दुभाषी म्हणून मी. जळगावहून सकाळची एसटी पकडायची – एरंडोल, पारोळा करत धुळं – आणि संध्याकाळी परत.

मॅडम नाडी बघायच्या तेव्हा मला आमच्या कॉलेजच्या सरांची आठवण यायची. तीन बोटं, डोळे मिटलेले. फक्त त्या दोन्ही हातांची नाडी एकदम बघत. मग केसाएवढ्या बारीक सुया – डोक्यावर, मनगटापाशी, पायावर. कधी एका वाळलेल्या पाल्याची चिमूट पेटवून नुसता शेक द्यायच्या. तो पाला दवण्याच्याच कुळातला. खोलीभर वास सुटला की आमची आया म्हणायची, "मॅडमनी देव्हारा मांडला."

पाचातल्या तिसऱ्या रुग्ण दगुबाई. शिरपूरकडच्या एका खेड्यातल्या. वय पासष्टच्या आसपास. तिथल्या झेडपीच्या शाळेत वीस-बावीस वर्षं पोरांची खिचडी शिजवायच्या. यजमान त्याच शाळेत शिपाई, आता रिटायर्ड. त्यांना सगळे नाना म्हणत. आठ महिन्यांपूर्वी दगुबाईंना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा पूर्ण बंद. सांगितलेलं थोडंफार समजायचं. पण तोंडातून शब्द तर सोडाच, "अं" सुद्धा नाही.

नाना त्यांना गावाहून भाड्याच्या जीपने आणायचे आणि दोघांच्या वाटचं एकटेच बोलायचे. "तिले तहान लागनी व्हई." "तिले पंखा जोरात नही चालत." पहिल्याच दिवशी मी विचारलं, "नाना, तुमची अपेक्षा काय आहे?" फॉर्ममध्ये तसा रकाना आहे.

"डॉक्टरबाई, आठ महिना व्हयनात... हाई मन्हावर एकदाबी वरडनी नही. घर कसं सुनं सुनं वाटस."

मी मॅडमना भाषांतर करून सांगितलं. त्यांनी नानांकडे पाहिलं, हात जोडले आणि दगुबाईंची नाडी धरली.

मॅडमना मराठीतले दोनच शब्द येत. नमस्कार आणि ठेचा. दुसरा त्यांनी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये कमावला होता. कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, भरीत, वर ठेचा – घाम पुसत पुसत खायच्या. स्वतःबद्दल मात्र अक्षर बोलायच्या नाहीत. लग्न झालंय की नाही, घरी कोण आहे... तीन आठवडे रोज शेजारी बसून मला काहीच माहीत नव्हतं. रुग्णांसमोर तर त्या इंग्रजीतही मोजकंच बोलत. त्यांचा फोन बाहेर माझ्या टेबलच्या खणात असायचा.

हे सगळं मुद्दाम इतकं बारीक लिहितेय. पुढे का ते कळेल.

दगुबाईंची ती नववी सिटिंग. मंगळवार होता. सकाळचे सव्वाअकरा. खिडकीतून ऊन थेट पलंगावर येत होतं म्हणून नानांनी उठून पडदा ओढला. दगुबाई टेकून बसलेल्या. मॅडमनी सुया लावल्या, वीस मिनिटांनी काढल्या. नेहमीप्रमाणे रेकॉर्डर चालू. सिटिंगनंतर पाच मिनिटं काही आवाज निघतो का ते आम्ही रेकॉर्ड करायचो, संमतीपत्र घेऊन. आधीच्या आठही रेकॉर्डिंगमध्ये फक्त पंखा आणि नाना.

मॅडम शेवटची सुई डबीत टाकायला वाकल्या. तेवढ्यात दगुबाईंनी डावा हात उचलला. तो चांगला होता, पण स्वतःहून त्या फारसा हलवायच्या नाहीत. तो हात त्यांनी मॅडमच्या डोक्यावर ठेवला. मॅडम तशाच वाकलेल्या राहिल्या.

आणि दगुबाई बोलल्या.

"बोमिया..."

आवाज जड होता, पण स्पष्ट. मग पुन्हा, "बोमिया." आणि तिसऱ्यांदा, अगदी मऊ –

"बोमिया, जेवनी का वं माय?"

नाना उभेच राहिले. "बोलनी! बोलनी ती! डॉक्टरबाई, ऐकं का तुम्ही?" ते एकीकडे हसत होते, एकीकडे डोळे पुसत होते. मी सवयीने घड्याळ बघून फॉर्मवर लिहिलं. पुढचं वाक्य साधं अहिराणी होतं – जेवलीस का गं? पहिला शब्द मला कळला नाही. नियम असा की न कळलेला शब्दही ऐकू आला तसा लिहायचा. मी लिहिलं – बोमिया. पुढे प्रश्नचिन्ह.

मान वर केली तर मॅडम जमिनीवर बसलेल्या. चेहरा पांढराफटक. मला वाटलं चक्कर आली. मी त्यांना धरून बाहेरच्या बाकावर नेलं, पाणी दिलं. मग त्यांनी विचारलं, "त्या काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "पहिला शब्द मलाही कळला नाही. पुढे त्यांनी विचारलं, जेवलीस का."

त्यावर त्या ज्या रडायला लागल्या... तीन आठवड्यांत त्यांच्या तोंडून न निघालेलं सगळं तेव्हा निघालं.

त्यांचं कागदोपत्री नाव वेगळंच. पण जन्म वसंतातला आणि त्यांच्या भाषेत वसंताला बोम म्हणतात, म्हणून आई घरात बोमी म्हणायची. फक्त आई. बाकी कुणी नाही, बहीणसुद्धा नाही. आणि प्रेमाने हाक मारताना शेवटी "या" लावतात. बोमी-या. म्हणजे दगुबाईंनी नुसतं नाव घेतलं नव्हतं, हाक मारली होती.

आणि ती आई दोन वर्षांपासून तिकडे एका नर्सिंग होममध्ये. पक्षाघात. वाचा बंद. मॅडमनी स्वतः तिच्यावर उपचार केले, महिनोन् महिने. एक शब्द आला नाही. मग त्यांनी तिच्यासमोर बसणंच कमी केलं. "मला तिच्या गप्प बसण्याची भीती वाटायला लागली," असं म्हणाल्या. परदेशातलं हे काम त्यांनी मागून घेतलं होतं.

"आई फोन उचलला की पहिलं हेच विचारायची," त्या म्हणाल्या. "जेवलीस का. बाकी सगळं नंतर."

मी विचारलं, "आज जेवलात का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. आदल्या संध्याकाळी नर्सिंग होमला फोन केला होता. नर्सने रिसीव्हर आईच्या कानाला लावला. पलीकडून नुसता श्वास. त्यानंतर त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. सकाळचा चहासुद्धा नाही. हे कुणालाच माहीत नव्हतं – मला नाही, तर दगुबाईंना कुठून असणार?

मी खणातून फोन काढून दिला. त्यांनी तिथूनच नर्सिंग होमला लावला. कोरियाचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे तिकडे दुपार उलटलेली. नर्सने सांगितलं – आई ठीक आहे, पण आज दुपारचं जेवण घ्यायला तयार नाही. ताटाकडे बोट दाखवते आणि दाराकडे बघत बसते. ताट बाजूला नेऊ देत नाही.

मॅडमनी त्याच दिवशी तिकीट काढलं. अजून दोन महिन्यांचं काम बाकी होतं. पाचही केस अर्धवट राहणार होत्या. ट्रस्टचे लोक नाराज झाले, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही झाले असते. जाण्याआधी त्या प्रत्येक रुग्णाला स्वतः भेटल्या, माफी मागितली. दगुबाईंसमोर जमिनीवर डोकं टेकवून नमस्कार केला. दगुबाई नुसत्या बघत राहिल्या. त्या मंगळवारनंतर त्या पुन्हा गप्पच होत्या.

नानांना मात्र कुठेतरी लागलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आठ महिना मी तिन्हाजवळ बठेल शे. आनी पह्यलं बोलनी ते परकी बाईले." मग स्वतःच हसले. "तशीबी ती मन्हं नाव कधी लेस नही म्हना."

मॅडम तिकडे आईपाशी पोचल्या. आई त्यांना पाहून बोलली का? नाही. एक शब्दही नाही. पण त्यांनी पुढ्यात ताट घेतलं तेव्हा तिने तोंड उघडलं. नऊ दिवस मॅडमनी तिला स्वतःच्या हाताने भरवलं. दहाव्या दिवशी पहाटे ती गेली. मला मेसेज आला त्यात एवढंच होतं – "मी जवळ होते. माझी आई जेवून गेली."

आता तुमच्यातले माझ्यासारखे लोक विचारतील ते सगळं मी विचारून झालंय. दगुबाईंनी ते नाव कुठे ऐकलं असेल का? मॅडमनी ते दोन वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, इथे उच्चारायचा प्रश्नच नाही. टीव्ही? नानांच्या घरी टीव्ही आहे, पण त्यावर कीर्तन आणि बातम्या. घरात, गावात भूमी वगैरे नावाची कुणी मुलगी? नानांनी शाळेतली सगळी पोरं आठवून पाहिली. नाही. नाशिकच्या एका स्पीच थेरपिस्ट मैत्रिणीला काहीही न सांगता रेकॉर्डिंग ऐकवलं. ती म्हणाली, वाचा गेलेल्यांच्या तोंडून कधी कधी सवयीचं वाक्य अचानक बाहेर पडतं. ज्या बाईने बावीस वर्षं पोरांना "जेवला का" विचारलं तिच्या तोंडून ते येणं अगदी शक्य आहे. हे मला पटलं. आजही पटतं.

"आणि पहिला शब्द?" मी विचारलं.

तिने तो चार वेळा ऐकला. म्हणाली, "निरर्थक शब्द नाही वाटत. कुणालातरी बोलावतेय."

(रेकॉर्डिंग कृपया मागू नका. रुग्णाचं आहे, देणार नाही.)

केस स्टडी शेवटी आम्ही लिहिली. अर्धवट म्हणून, तसं स्पष्ट नमूद करून. सुयांमुळे वाचा आली असा दावा केला नाही, कारण एका प्रसंगावरून तसं म्हणता येत नाही. नवव्या सिटिंगसमोर लिहिलं, "एक अर्थपूर्ण वाक्य, त्याआधी एक विशेषनाम." विशेषनाम कुणाचं, हे लिहिण्यावरून मॅडम आणि मी फोनवर तासभर बोललो. त्यांनीच सांगितलं, लिहू नकोस, कुणी विश्वास ठेवणार नाही आणि बाकीच्या नोंदीही खोट्या ठरतील.

स्पीच थेरपी चालू राहिली. चार-पाच महिन्यांनी दगुबाईंना शब्द यायला लागले. आता तुटक का होईना, बोलतात. मागच्या महिन्यात मी त्यांच्या गावी गेले होते. ओट्यावर बसून मिरच्यांची देठं काढत होत्या, एका हाताने. नानांनी चहात साखर जास्त घातली म्हणून त्यांच्यावर ओरडल्या, आणि नाना माझ्याकडे बघून असे काही खुलले की विचारू नका.

मी विचारलं, "अक्का, बोमी कोण?"

त्यांनी आठवून पाहिलं. "मालूम नही."

"ती कोरियाची डॉक्टर आठवते?"

"हां. धाकल्या केसंवाली."

"तिला तुम्ही जेवलीस का असं विचारलं होतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. "उपाशी व्हती ना ती."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्या पुन्हा मिरच्यांकडे वळल्या. उत्तर नानांनी दिलं, मला बसथांब्यापर्यंत सोडायला येताना.

"डॉक्टरबाई, मी अडानी मानूस. पन मन्हं म्हननं ऐका. त्या बाईनी मायले तठे बसल्या बसल्या समजनं व्हई की पोर उपाशी शे. पन मायनी वाचा बंद. आनी अठे हिन्हं तोंड आठ महिनापाईन रिकामंच व्हतं... घडीभर त्या मायनी मांगी लिधं व्हई."

बस आली. मी चढले. शिरपूरपर्यंत खिडकीबाहेर बघत तेच घोळवत होते – घडीभर मागून घेतलेलं तोंड. हे कुठल्याही फॉर्ममध्ये लिहिता येत नाही, कुठल्याही चाचणीत बसत नाही, आणि डॉक्टर म्हणून मी ते मान्यही करू शकत नाही. फक्त दोन वर्षं शोधूनही नानांपेक्षा बरं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.