आधी स्वतःची गाडी रुतवणारी

हॅमिल्टन शहरातली आमची शेजारीण मंगळावर जाणाऱ्या यंत्रगाडीची चाकं बनवते. काहीही विचारा, म्हणते, "आधी इथे करून बघू."

परवा नातीच्या गाण्याला निघाले, तर माझी गाडी घरासमोरच्या ड्राइव्हवेतच बर्फात रुतली. मी अगदी रडकुंडीला आले. ही शेजारीण आली, चाकांपाशी गुडघे टेकून बसली आणि मग स्वतःची गाडी मुद्दाम तशाच बर्फात घातली. तीही रुतली!

"अगं, हे काय केलंस?"

"काकू, आता कळलं कशी रुतते ते!" तिने टाळीच वाजवली. "मंगळावरची रुतली तरी आम्ही आधी इथे तशीच गाडी रुतवून बघतो."

चाकाखाली पायपुसणं सारून तिने आधी आपली गाडी काढली, मग तशीच माझी. गाण्याला मी तिलाही ओढून नेलं. नातीचा पहिलाच सूर चुकला, तर "आता कळलं!" म्हणत टाळी हिचीच!