शेखाडीच्या चढावर कोण दमलं?

‘चाला, भरपूर चाला,’ असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून नवऱ्यानं, म्हणजे श्रीकांतनं, माझं डोकं खाल्लं होतं. त्याच्या हृदयात स्टेंट बसून सहा महिने होत आले, तरी सोसायटीच्या बागेतही मी त्याला एकटं सोडत नव्हते. शेवटी तो वैतागला. ‘गोल गोल फिरून चक्कर येते मला. समुद्राकाठी चालायला येतेस, की मी एकटाच जाऊ?’ एकटा म्हटल्यावर मी मुकाट्यानं पिशवी भरली. कपडे कमी, गोळ्याच जास्त!

पनवेलहून मुरूडची एसटी, तिथून रिक्षानं आगरदांडा आणि फेरीबोटीनं पलीकडे दिघी. पुढे रिक्षा ठरवून दिवेआगर. सुपारीच्या वाडीतल्या एका घरात उतरलो; राहणं-जेवण धरून दोघांचं दोन हजारांच्या आत भागलं. गरम घावणे, नारळाची चटणी, वर हवी तेवढी सोलकढी. वाडीतून पाऊलवाट थेट किनाऱ्यावर जाते. संध्याकाळी ओल्या वाळूत खेकड्यांनी बारीक गोळ्यांची नक्षी मांडली होती. ती मोडू नये म्हणून श्रीकांत वेडीवाकडी पावलं टाकत चालला होता. इतका गोड दिसत होता म्हणून सांगू! पण पुढच्याच क्षणी मनात आलं, दम लागला तर?

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेखाडीपर्यंत रिक्षा केली आणि तिथून आरावीकडे पायी निघालो. हा रस्ता पायीच करा. उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर. गाडीवाले भुर्रकन निघून जातात, त्यांना खडकांतल्या डबक्यांत अडकलेले चिमुकले मासे कुठून दिसणार? वाटेत दुकान नाही, पाणी बरोबर ठेवा. फोनलाही धड रेंज नाही.

माझा तोंडाचा पट्टा सुरूच होता. हळू. बस जरा. पाणी पी.

‘अगं, एवढं तर बैलालाही कोणी हाकत नाही,’ श्रीकांत म्हणाला.

चढावर डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई मागून आली. आमच्याकडे बघून थांबली. ‘कोन आजारी हाय?’

श्रीकांतनं हसून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

‘तुमी न्हाय वो! ह्या तायंचं तोंड बघा, पार पांढरंफटक पडलंय.’

मी नाही म्हणेपर्यंत रस्त्याकडेच्या दगडावर बसलेच. बाईनं मोळी उतरवली, पदरानं वारा घातला. ‘झोप लागते का रातची?’

उत्तर श्रीकांतनं दिलं. ‘सहा महिने झोपली नाहीये ती. माझ्या छातीवर हात ठेवून जागी असते. मी झोपेचं सोंग घेतो, नाहीतर लाइट लावून बसेल.’

मला वाटत होतं, ह्याला काही कळत नाही. मी त्या परक्या बाईसमोर ढसाढसा रडले.

‘आरावीतून रिक्षा घेऊन येतो,’ श्रीकांत म्हणाला.

‘एकटा?’

‘मग काय तुला खांद्यावर घेऊ?’

तो वळणाआड दिसेनासा झाला तशी मी उठायला लागले. बाईनं माझी पिशवी उशाला दिली. ‘येतील वो. पाय चांगले हायत त्यांचे. तुमी जरा पडा, मी बसते हितं.’

आणि काय सांगू, भर दिवसा, रस्त्याच्या कडेला, करंजाच्या सावलीत मला गाढ झोप लागली. जाग आली ती रिक्षाच्या आवाजानं. श्रीकांत ड्रायव्हरशेजारी बसून त्याच्याशी क्रिकेटवर वाद घालत होता.

घरी येऊन आठवडा झाला. समुद्र आठवतो, घावणे तर फारच. पण आज सकाळी श्रीकांतनं बूट घातले आणि म्हणाला, ‘कर्नाळ्याला जाऊन येतो. एकटाच.’

मी फक्त पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. ‘पोचलास की फोन कर.’

‘आणि तू उचलला नाहीस तर?’

‘तर समज, झोपलेय.’