तिच्याकडचं अर्धं पुस्तक

आम्ही दोघी पुस्तकं कापायचो. माझ्या वडिलांच्या दाढीच्या ब्लेडनं, एखादं प्रकरण संपतं तिथून, बरोबर मधोमध. गोंदियाला स्टेशनजवळच्या हातगाडीवर जुनी पुस्तकं मिळायची. त्यात हिंदीत आलेल्या जाडजूड कादंबऱ्या असायच्या. मोडकळीला आलेलं उद्याचं जग, भिंतीआड कोंडलेली माणसं आणि त्या भिंतीबाहेर पडायला धडपडणारी आमच्याच वयाची एखादी पोरगी. पुस्तक एक आणि वाचणाऱ्या दोन, मी आणि माझी मैत्रीण. दोघींनाही दम निघायचा नाही, म्हणून हा उपाय काढला. पुढचा, म्हणजे सुरुवातीचा अर्धा आधी ती वाचायची. तो संपला की माझ्याकडे द्यायची आणि मागचा अर्धा घेऊन बसायची.

पहिला मान तिचा, कारण ती घरी जास्त असायची. थंडी पडली, अंग भिजलं, जरा धावली, की तिच्या हातापायांत असं दुखणं उठायचं की शाळा बुडालीच म्हणून समजा. हे लहानपणापासूनचं. त्याला सिकलसेल म्हणतात हे मात्र शाळेत सगळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा कळलं. तिला एक कार्ड मिळालं. ते पाहून तिच्या आत्यानं तिच्यादेखतच विचारलं, आता हिच्या लग्नाचं कसं व्हायचं? त्या दिवसांत आम्ही वाचत होतो त्या कादंबरीत सरकार पोरांचं रक्त तपासून त्यांची वाटणी करतं. ती मला म्हणाली, "हे तं माह्यंच पुस्तक हाये वं."

आता मी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत कुणी ना कुणी विषय काढतंच, की या पोरांना असली काळीकुट्ट पुस्तकं आवडतात तरी कशी. मग मोबाइलला नावं ठेवली जातात, संस्कारांवर येऊन गाडी थांबते, चहा संपतो. माझं डोकं फिरतं. अहो, पोरांना अंधार आवडत नाही. आपल्याला न विचारता आपलं सगळं कुणीतरी ठरवून टाकलंय, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. घरात ते कुणी कबूल करत नाही. पुस्तक करतं, आणि वर त्या पोरीला पळू देतं.

पळणं तिला फार प्रिय होतं, फक्त पुस्तकातलं. आमचं गाव बिरसीच्या विमानतळाजवळ, त्यामुळे विमान चालवायला शिकणाऱ्यांची लहान विमानं दिवसभर धानाच्या बांध्यांवर, भाताच्या खाचरांवर घिरट्या घालायची. ती विमानं म्हणजे सरकारचे डोळे, असा आमचा खेळ. घरघर ऐकू आली की मी मोहाच्या झाडाखाली धूम ठोकायची. ती होती तिथंच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर आडवी व्हायची, आणि विमान गेल्यावर मला हसायची. "पळनारेच दिसतात वरून," ती म्हणायची. "पडून राहनारे नाई दिसत."

शेवट नेहमी तिला आधी कळायचा. मला राहवायचं नाही. जगते का गं ती, एवढंच सांग, म्हणून मी तिच्या मागे लागायची. किती मस्का लावला तरी ती बधली नाही. "वाच ना तू," एवढंच उत्तर.

बारावीच्या वर्षी ऐन थंडीत तिचं दुखणं उठलं आणि तिला गोंदियाला दवाखान्यात भरती केलं. मागचा अर्धा ती सोबत घेऊन गेली. मी भेटायला गेले तेव्हा एका हाताला सलाईन, दुसरा हात सुजलेला. पानं उलटायचं काम माझ्याकडे आलं. मला पुढचं कळू नये म्हणून ती मला तोंड फिरवायला लावायची. मी खिडकीकडे बघत पान उलटायची, आणि दोन पानं एकदम गेली की ती वैतागायची. तेवढ्या वेळात ती आजारी वाटायची नाही. निघताना तिनं माझ्याकडून पान दुमडून घेतलं.

त्याच आठवड्यात ती गेली. मी किती रडले ते सांगून काय उपयोग. पुढचा अर्धा मी पेटीत तळाशी टाकला. अख्खं पुस्तक मोबाइलवरून मागवता आलं असतं, पण हात झाला नाही.

वर्षानं तिच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. तिच्या आईनं मला थांबवून घेतलं आणि कपाटातून तो मागचा अर्धा काढला. स्वच्छ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. मावशी धानाच्या रोवणीच्या मजुरीला जाणारी बाई, आम्ही पुस्तकं कापतो हे तिला कुठून माहीत असणार. तिला वाटलं होतं, सुरुवातीची पानं दवाखान्यात फाटून राहिली. लेकीला माती दिल्यावर ती पुन्हा गोंदियाला गेली होती, त्या वॉर्डात, खाटेखाली ती पानं शोधायला. मला ते ऐकवेना. पुस्तक आम्हीच कापलं होतं, तो भाग माझ्याकडे आहे, मावशी, असं मी सांगितलं. मग ती म्हणाली, जिथं पान दुमडलंय तिथून वाच, पोरीचं पुढं काय होतं ते मला ऐकव.

मी वाचत गेले. अडलं तिथं हिंदीचं मराठी करून सांगितलं. आता थोडीच पानं उरली होती. ती पोरगी पळते, पडते, पुन्हा उठते आणि भिंतीपलीकडे पोचते. जगते. पहिल्यांदाच शेवट मला आधी कळला होता आणि मला तो नको झाला होता.

मावशीनं पदरानं डोळे पुसले. "हे तिले मालूम नाई झालं ना?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

मावशी उठली, भिंतीवरचा लेकीचा फोटो काढून माझ्यासमोर भिंतीला टेकवून ठेवला, हार नीट केला आणि शेजारी बसली. "मंग तिले सांग," ती म्हणाली. "जोरानं वाच."

मी दुमडलेल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.