न आलेलं बोलावणं

हळदी-कुंकवाला मला कुणी बोलवत नाही, याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. नवरा गेलेल्या बाईला आमच्या गावात कुणीच बोलवत नसे. खरं सांगायचं तर ती रीत माझ्या पथ्यावरच पडली होती. एवढ्या बायांत मी वेगळी का, असं विचारायची वेळच येत नव्हती.

मला एचआयव्ही आहे. नवऱ्याकडून आला. तो गेल्यावर हे घरात फक्त मलाच ठाऊक आहे असं मी धरून चालले. गोळ्या आणायला वाशीमला जायची आणि सासूबाईंना बीपी सांगायची. तिथल्या दवाखान्यातल्या बाईंनी समजावलं होतं, तुमच्या परवानगीशिवाय हे कुणालाच सांगता येत नाही, तसा कायदा आहे. मी मान हलवली. पण कायदा राहतो वाशीमला आणि आमचं गाव रिसोडच्याही पुढे.

यंदा ग्रामसभेत ठरलं की विधवांनाही मानानं बोलवायचं. संक्रांतीला बाया घरोघर निघाल्या. आमच्या ओट्यावर आल्या, सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, तुमी नक्की या बरं." मी दारातच तांदूळ निवडत होते. त्यांच्यातल्या एकीनं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. गल्लीतल्या सगळ्या विधवांना बोलावणं गेलं, मी सोडून.

म्हणजे गावाला माहीत होतं. कुणी मला गोळ्यांच्या रांगेत पाहिलं की दवाखान्यातलंच कुणी बोललं, देव जाणे. तक्रार करता आली असती. पण तक्रार करायची म्हणजे मलाच ते तोंडानं सांगावं लागणार. राग यायला हवा होता, आली ती लाज. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाई धुतलेलं लुगडं नेसून हळदी-कुंकवाला गेल्या आणि लगेच परत आल्या. हात रिकामे.

"आत्याबाई, वाण?"

"नाई घेतलं. इचारलं त्यायले, माह्या सुनेले काहून नाई बोलावलं. साऱ्या एकमेकीच्या तोंडाकडं पाहून राह्यल्या. मंग मीच सांगतलं. म्हटलं, तो रोग माह्या पोरानं आणला, तिनं नाई."

"तुमाले माहीत होतं?"

"माय होय मी त्याची."

एवढं बोलून त्या आत गेल्या. पोरगा प्यायचा, असंसुद्धा या बाईनं आजवर कुणाला बोलू दिलं नव्हतं. जो येईल त्याच्याशी भांडायच्या. आतून त्यांच्या रडण्याचा आवाज येत होता आणि माझे पाय उंबऱ्याशीच अडले. माझी लाज झाकायला त्यांनी आपला मेलेला मुलगा भरल्या अंगणात उघडा केला होता.