दुपारी दोनची बेल

सावंतकाका उष्माघाताने गेले, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगतेय.
ते अर्धंच खरं आहे.

मी सायकॉलॉजिस्ट. हवामान बदलतंय हे कळूनही माणसं का बदलत नाहीत, हे मी ऑफिसांमध्ये जाऊन शिकवते.

काका आमच्याच बिल्डिंगचे, मरोळला. आयुष्यभर लेथ मशीन चालवलेलं. टेरेसखालच्या मजल्यावर एकटेच राहायचे.

उन्हाळ्यात रोज दुपारी दोनला ते एकट्या म्हाताऱ्यांच्या बेल वाजवत फिरायचे. समोरचा ग्लासभर पाणी संपवेपर्यंत दारातून हलायचे नाहीत.

लोकांची झोपमोड व्हायची. माझीही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी शहाणपणा केला.

"काका, असं मागे लागलं की माणूस मुद्दाम उलटं वागतो. त्यापेक्षा मी ग्रुपवर रिमाइंडर टाकते ना. पाणी प्यायलं की अंगठा द्यायचा."

सगळ्यांना आयडिया झकास वाटली.

काका एवढंच म्हणाले, "अंगठो काय गो, तहानलेलो माणूस पण दाखवतलो."

मी हसले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फिरणं बंद केलं. शिकलेल्या मुलीचा मान ठेवला.

काका गेले त्या दिवशीही मी दोनला रिमाइंडर टाकला. पटापट अंगठे आले. काकांचाही आला.
मी एसी लावून झोपले. त्यांच्यापासून एक जिना खाली.

संध्याकाळी त्यांचा भाचा आला. दार उघडेना म्हणून लॅच तोडलं. काका किचनच्या दारात पडले होते. भिंतीला हात लावला तर चटका बसत होता.

"दुपारी कुणी बघितलं नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.


आता ट्रेनिंगमध्ये मी ही गोष्ट सांगते. 'एका सोसायटीत' अशी सुरुवात करते. सगळ्यांना वाटतं दुसरा कुणीतरी जाईल आणि मग कुणीच जात नाही, हा मुद्दा समजावते. कुणीतरी डोळे पुसतं. फीडबॅक छान येतो.

काकांचं फिरणं कुणी थांबवलं, ते मात्र मी एकदाही सांगितलेलं नाही.

मी थांबवलं.

मला माझी लाज वाटते. हे लिहून ती कमी होणार नाही, माहितीये.

सावंतकाका, आज वर्ष झालं. तुमच्यापुढे मान खाली घालून उभी आहे.